स्ट्रॉबेरीच्या वासाचं कोलॅजेन

—नाही, तो डबा होता तिथे ठेवा, मावशी. इथे काउंटरवर नाही, तिथे, खिडकीतल्या त्या मनोऱ्यावर—हळू, हळू! मालकांनी अख्खी सकाळ खपून रचलाय तो. एक काढला की सगळे खाली येतात. गेल्या आठवड्यात एका बाईंच्या पायावर आले, मग त्यांना सुजेवरचं मलम लागलं—कोलॅजेनचा आमच्या दुकानाला झालेला तो पहिला खात्रीचा फायदा. हं, ठेवलात? छान. आता बोला, काय हवंय? … तेच? अहो, तेच तर देणार नाहीये मी. आहे, दुकानात आहे, मला दिसतंय, विकायलाच ठेवलंय. पण मी विकत नाही. संध्याकाळी मालक असतात, तेव्हा या, ते हसत हसत देतील, वर ती जाहिरातीतली मुलगी दाखवतील—ती बघा, भिंतीवरची, गालावर बोट टेकवून बसलेली. एकोणीस वर्षांची असेल ती. एकोणिसाव्या वर्षी मी रबरी चपला उकडून खाल्ल्या असत्या तरी माझे गाल तसेच दिसले असते.

हसू नका, मी गंभीरपणे बोलतेय. दोन मिनिटं ऐका—लोक म्हणतात मकपाल दोन मिनिटं म्हणते आणि चाळीस घेते, पण तुमच्या मागे कुठे रांग लागलीय? या उन्हात किझिलोर्दात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नाही. चहा घेता? घ्या, माझ्यासाठी केलाच होता, हा घ्या वाडगा—तर कोलॅजेन म्हणजे काय? आपल्या आजोबांच्या तंबूला आतून लाकडी काठ्या असायच्या ना, तसं समजा. कातडी म्हणजे वरचं नमद्याचं कापड, कोलॅजेन म्हणजे आतल्या काठ्या. वय झालं की काठ्या झिजतात, कापड ढिलं पडतं. बरोबर? आता तुम्ही काय करताय? कुठल्या तरी गाईच्या नाहीतर माशाच्या तंबूतल्या काठ्या दळून गिळताय आणि म्हणताय, जा बाई, बरोब्बर माझ्या डाव्या डोळ्याखाली जाऊन उभी राहा! अहो, तिला पत्ता कोण सांगणार? पोट तिचे तुकडे करणार, आणि ते तुकडे शरीर हवे तिथे वापरणार—नखात, गुडघ्यात, आतड्यात, तुम्हाला न विचारता. मटण खाल्लंत तरी तेच. हो, अभ्यास झालेत, थोडा फरक पडतो म्हणणारे आहेत, मी वाचलेत ते—छोटे छोटे अभ्यास, आणि कितीतरी डबे विकणाऱ्यांनीच करवून घेतलेले. पाच वर्षं अल्माटीत औषधशास्त्र शिकले ती काय मनोरे पुसायला? तुम्हाला कातडी सांभाळायचीय? टोपी घाला. उन्हाचं क्रीम लावा. पाणी प्या, झोपा. झालं. टोपी मी विकत नाही, पुढच्या कोपऱ्यावर मिळते. आणि तुम्ही, माफ करा, या उन्हात उघड्या डोक्यानं आलाय आणि कोलॅजेन मागताय!

… मग त्यांची कातडी कशी काय चकाकते? कुणाची? … नाही, नाव नका घेऊ—म्हणजे तुम्ही घ्या, तुम्हाला कोण अडवतंय, मला घेता येत नाही. सून आहे मी त्यांची. एप्रिलपासून. तुम्ही त्यांच्या गल्लीतल्या का? निळं फाटक? ओयबाय, म्हणजे रोज समोरून जाते मी! लग्नाला दिसला नाहीत … लेकीकडे होतात होय, अस्तानाला. म्हणून. बघा, हॉस्टेलवर असताना मी भाषण केलं होतं, सासरच्या माणसांची नावं घ्यायची नाहीत हा काय मूर्खपणा, नाव ही माणसाची ओळख, ती पुसणारी तुम्ही कोण, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या होत्या. आणि आता चार महिन्यांत जीभच वळत नाही. तर मी आपलं 'सासूबाई' म्हणते, तुम्ही समजून घ्या. त्यांना स्वतःला मात्र तेही चालत नाही, त्यांना—ते जाऊ दे, ते नंतर.

तर त्यांनी सांगितलं, माझी कातडी मकपालच्या डब्यामुळे अशी झाली? असंच म्हणाल्या? शब्दशः? … आणि तुम्हाला तोच डबा हवाय, कारण ऑगस्टमध्ये मुलाचं लग्न. बेताशार आहे? गवई बोलावलाय? मग तर मुळीच नाही, मावशी. मुळीच मुळीच नाही. बसा त्या स्टुलावर. सुनेच्या तोंडावरचा पडदा उचलायच्या दिवशी सासू तरुण दिसली की काय होतं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. मी सांगते.

दीड वर्ष झालं. सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा त्या माझ्या कुणी नव्हत्या, नुसतं गिऱ्हाईक. हातात एक डबा, लेबल नाही, तारीख नाही, कारखान्याचं नाव नाही, झाकणावर फक्त एक गुलाब. राबिगाबाईंकडून घेतलेला. राबिगाबाई माहीतच असतील—कोण ओळखत नाही! घरोघरी कोलॅजेन विकतात आणि स्वतः वाळलेल्या जर्दाळूसारख्या दिसतात. वय किती असेल? सासूबाईंच्या वर्गात होत्या, मावशी. एकाच बाकावर. मी एकदा तोंडावर विचारलं, राबिगाबाई, तुम्ही स्वतः का नाही घेत? तर म्हणाल्या, 'घेते की! न घेता कशी दिसले असते विचार कर!' आता याला विज्ञानाकडे उत्तर नाही. तर सासूबाईंनी विचारलं, पोरी, हे कसं घ्यायचं? आणि मी सुरू झाले. तंबू, काठ्या, पोट, पत्ता—सगळं. त्या या स्टुलावर बसून ऐकत होत्या, अशा, तुमच्यासारख्याच. शेवटी म्हणाल्या, 'छान बोलतेस. पण राबिगाला नाही म्हणता येत नाही, ती माझ्याकडे रडून जाते. तू असं कर, हा डबा तुझ्याकडेच ठेव, घरी नवरा चेष्टा करतो. मी महिन्याला येईन, तू थोडी थोडी पुडी बांधून दे.' आणि गेल्या. म्हणजे माझं चाळीस मिनिटांचं बोलणं गेलं वाऱ्यावर, आणि माझ्या हातात तो गुलाबाचा डबा.

उघडून हुंगला. सरसासारखा वास—सुताराच्या दुकानात येतो तसा. ही पूड मी माणसाच्या पोटात कशी जाऊ देऊ? नाही जाऊ देणार. ओतली मोरीत. मोरी दोन दिवस तुंबली होती, तेवढा त्या पुडीचा गुण मान्य. आणि मग डबा रिकामा, महिना भरत आलेला, त्या येणार. मग काय, मी त्यात—

काही नाही. दुसरं काहीतरी घातलं. निरुपद्रवी.

… अहो, विष नव्हे! खाण्याचीच गोष्ट. तुम्ही कुणाला सांगणार नाही ना? मालकांना तर अजिबात नको. कुर्त. खारट दह्याचे गोळे उन्हात वाळवतात ना, तेच कुर्त घातलं मी, मावशी. दळून. असे डोळे नका करू. घरात होतं म्हणून घातलं. एक उशीचा अभ्रा भरून होतं, हॉस्टेलपासून माझ्याबरोबर फिरत होतं, खाल्लं जात नव्हतं, टाकवतही नव्हतं—कारण काही नाही, असंच. आधी इथल्या खलात कुटायला गेले तर खल फुटला, चिनी मातीचा, सोव्हिएत काळातला, तो फुटला आणि कुर्ताच्या गोळ्याला ओरखडाही नाही. मालकांना सांगितलं, मांजरानं पाडला. आमच्याकडे मांजर नाही. मग कॉफीच्या यंत्रात दळलं. पूड पांढरी, बारीक, दिसायला अगदी तशीच, पण आंबट वास! मग केकवाल्याकडून स्ट्रॉबेरीचा अर्क आणला, पाच थेंब घातले, पुन्हा वाळवलं. हलकं गुलाबी झालं. इतकं खरं दिसत होतं की मला स्वतःलाच घ्यावंसं वाटलं. 

आणि मी नुसतं देऊन मोकळी नाही झाले हं. नियम घातले. म्हटलं, हे औषध नियम पाळल्याशिवाय लागू पडत नाही—एक छोटा चमचा, वर दोन वाडगे पाणी, दहाला झोप, उन्हात टोपी, सकाळी तोंडाला क्रीम. कुर्त खारट, तहान तर लागणारच, पाणी आपोआप जायचं पोटात! आणि छप्पन्न वर्षांच्या बाईला मीठ देतेय म्हणून दर महिन्याला रक्तदाब मोजायचे, इथेच, या स्टुलावर बसवून, मी काय खुनी आहे का? सहा महिन्यांत बाई पालटली, मावशी! गाल, कपाळ, मान—चकाकायला लागल्या. म्हणजे माझा प्रयोग यशस्वी. कोलॅजेन शून्य, टोपी शंभर टक्के. आणि हे मी कुणालाच सांगू शकत नव्हते. जगाला ओरडून सांगावं असा निकाल हातात आणि तोंडाला कुलूप.

… चव? चवीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. उलट, कौतुकच. पहिल्या महिन्यात म्हणाल्या, 'राबिगाच्या हातून चमचाभर चाखलं होतं तेव्हा असं नव्हतं लागलं.' मी म्हटलं, डबा उघडल्यावर हवेनं चव बदलते. दुसऱ्या महिन्यात विचारलं, 'मटणाच्या गरम रश्श्यात घातलं तर चालेल का? त्यात फार छान विरघळतं.' मी म्हटलं, चालेल. कोलॅजेन रश्श्यात घालणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. मग एकदा पुडी हातात घेऊन म्हणाल्या, 'जिनं केलंय तिचा हात हलका आहे. मीठ नेमकं.' मला हसू आलं, म्हटलं, अहो कारखान्यात हात नसतो, मशीन असतं. तर म्हणाल्या, 'मग मशीनचा हात हलका आहे.' अशा बोलतात! आणि नंतर एकदा, उन्हाळा होता, असाच, दुकानात कुणी नव्हतं, त्यांनी विचारलं, 'हा कारखाना अजून माल काढतो का?' मी म्हटलं, नाही. बंद पडला. जुना साठा आहे, तेवढाच. 'कधी बंद पडला?' म्हटलं, गेल्या ऑक्टोबरात. आणि माझ्या हातातलं पट्टीचं भेंडोळं पडलं, गडगडत पार त्या कपाटाखाली गेलं, ते काढायला मी वाकले ती जरा वेळ खालीच राहिले. सर्दी झाली होती मला तेव्हा. आणि त्या? त्या दिवशी दुपारभर इथेच बसल्या, स्वेटर विणत. जुलैत! जाताना म्हणाल्या, 'यापुढे मला अर्धाच चमचा बांध. जुना साठा आहे, पुरवून खाऊ.'

आणि पुढच्या महिन्यात मुलाला घेऊन आल्या. का? तर पुडी जड असते, उचलायला. तळहाताएवढी पुडी, मावशी! हा एवढा सहा फुटी माणूस, रेल्वेत इंजिनिअर, आठवडाभरात तीन वाक्यं बोलतो, तो पुडी उचलायला. तो आला, उभा राहिला, कान लाल. मी त्यालाही तंबू आणि काठ्या सांगितल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'उद्या परत सांगाल?' … हो, तसंच जमलं. दुसरं कसं जमणार?

आता बेताशार. ऐका, तुमच्या कामाचं इथून पुढे आहे. नेहमीच्या गवयाचा घसा बसला, म्हणून ऐन वेळी अरालहून दुसरा आणला. आवाज खणखणीत, पण घरातलं एक माणूस ओळखत नाही. त्याला कुणीतरी गडबडीत सांगितलं, आई उजवीकडे, पांढऱ्या रुमालात. सासूबाईंनी रुमाल बांधलाच नव्हता! आयुष्यात पहिल्यांदा केस मोकळे सोडून, चंदेरी सँडल घालून, चकाकत उभ्या. आणि त्यांच्या शेजारी, पांढऱ्या रुमालात, जर्दाळू—हो. राबिगाबाई. मी तर पडद्याखाली, मान खाली, दोघींनी दोन्ही कोपरं धरलेली, मला दिसतात फक्त पाय. गवई गातोय, डोंब्रा वाजतोय. 'नवऱ्या मुलाच्या थोरल्या बहिणीला एक नमस्कार, जिचे गाल सफरचंदासारखे'—मी वाकले, आणि दिसल्या चंदेरी सँडल. म्हटलं, अरे? बहीण कुठली, माझ्या नवऱ्याला बहीणच नाही! तोवर पुढचं कडवं—'जिनं दूध पाजलं, जिचे केस या मुलासाठी पिकले, त्या आईला नमस्कार'—आणि समोर रबरी गमबूट. लग्नात गमबूट कोण घालतं? सगळ्या किझिलोर्दात एकच बाई. मी ताठ उभी. कोपराला धक्का. तरी उभी. दुसरा धक्का. आणि मी—जी गिऱ्हाइकाला चाळीस मिनिटं सोडत नाही, जिनं नावाच्या चालीवर भाषण केलं—ती मी गप्प राहिले, मावशी. नवी नवरी पडद्याखालून कशी बोलणार म्हणून. वाकले. राबिगाबाईंना. आणि राबिगाबाईंनी तरी म्हणायचं ना, अरे मी नव्हे? त्या ढसाढसा रडल्या, मला कुशीत घेतलं, आणि आहेराच्या ताटात काय ठेवलं असेल? गुलाबाचा डबा.

गवई तर गवई, पण सासूबाईंनी तरी थांबवायचं! तोंडावर हात धरून हसत होत्या. बहीण म्हणून माझ्या हातात स्वतःचं चांदीचं कडं घातलं, हे बघा, हे. आणि घेतलेला नमस्कार परत देता येत नाही, तुम्हाला माहितीच आहे. तेव्हापासून दर गुरुवारी राबिगाबाई आमच्याकडे येतात, दारासमोरच्या मानाच्या जागी बसतात, आणि मला सासुरवास करतात. खराखुरा! वाडग्यात चहा थोडा जास्त पडला की, 'काठोकाठ भरून देतेस? मला हाकलतेस?' थोडा कमी पडला की, 'आमच्या वेळच्या सुना…' माझ्या केसांना नावं ठेवतात, माझ्या कणकेला नावं ठेवतात. आणि खऱ्या सासूबाई माझ्या शेजारी उभ्या राहून समोवारच्या आडून मला चिमटे काढतात, शाळेतल्या मुलीसारख्या. मी म्हणते, मला एकदा तुम्हाला नीट वाकू द्या, घरातल्या घरात, गवई नको, कुणी नको. तर म्हणतात, 'मी तुझी ताई. ताई म्हण.' मी पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. चार महिने मागे लागलेय! शेवटी गेल्या गुरुवारी मी चिडले, म्हटलं, मला ताई नकोय, मला—मला तुम्हाला आई म्हणायचंय. मोठ्यानं म्हणाले. राबिगाबाईंची बिस्किटं खाली पडली. तर सासूबाईंनी समोर हनुवटीनं खूण केली आणि शांतपणे म्हणाल्या, 'आईची जागा भरलेली आहे, मकपाल.' आता समोर कोण? राबिगाबाई. बसलेल्या. भिजलेला पाव चोखत.

यात हसण्यासारखं काय आहे? मला सांगा. मला दोन वर्षं झाली तो शब्द न उच्चारून, तोंडात नुसता पडून आहे, वापरायला माणूस मिळालं आणि ते माणूस म्हणतं, माझे गाल सफरचंदासारखे आहेत, मी ताई! कशामुळे झालं हे? माझ्यामुळे. मीच केलं त्यांना तरुण. मीच डोक्यात भरवलं ते गालांचं. आणि ते काढायचं तर सांगावं लागेल, सासूबाई, ते कोलॅजेन नव्हतं, मी दीड वर्ष तुम्हाला फसवत होते. मग? ताई तरी राहतील का? आणि सांगावं तर लागणारच, कारण साठा संपला. आज महिना भरला, आज त्यांची पुडी. अभ्र्यात सात गोळे उरलेत. फक्त सात. सकाळपासून यंत्र पुढ्यात घेऊन बसलेय. हे सात दळले की आणखी एक महिना निघेल, मग त्या खिडकीतल्या मनोऱ्यातलं भरायला लागेन की काय, मी, मकपाल? आणि दळायला हात होत नाही. हे बघा ना. दिसलं? आई वाळत घालताना गोळा मुठीत दाबायची. ही चार बोटं. हा अंगठा, इथे एक खाच आहे, विळीनं कापलं होतं तिला लहानपणी. प्रत्येक गोळ्यावर आहे. मी आत्तापर्यंत न बघता टाकत होते यंत्रात, डोळे मिटून—

नका हो, पाठीवर हात नका फिरवू, मी ठीक आहे. सर्दी. तुम्ही चहा प्या.

… काय? काय म्हणालात? … नाही, ओळखणार कशा, मी स्ट्रॉबेरी घातली होती ना! पाच थेंब. … त्यांचं स्वतःचं कुर्त? हो, वाळवतात की, छपरावर, मागच्या अंगाला, आत्ताही घातलंय. अख्खी गल्ली नेते? ते नाही माहीत मला, मी एप्रिलमध्ये तर आले—तीस वर्षं? दर उन्हाळी?

मावशी, जरा गप्प बसा. … हो, तुम्ही गप्पच आहात. जरा आणखी गप्प बसा.

गरम रश्श्यात विरघळवून. अहो, रश्श्यात कुर्तच विरघळवतात. लहान मूलसुद्धा—मी लहानपणी तसंच प्यायचे, ताप आला की आई तसंच द्यायची. मी इथे उभी राहून म्हटलं, चालेल! मशीनचा हात हलका आहे. मीठ नेमकं. म्हणजे पहिल्याच चमच्याला. म्हणजे त्यांना पहिल्याच चमच्याला कळलं आणि त्या रक्तदाब मोजून घ्यायला दर महिन्याला—आणि तो कारखाना. त्यांनी विचारलं, कधी बंद पडला, आणि मी महिना सांगितला. पुरवून खाऊ म्हणाल्या. जुलैत लोकर घेऊन बसल्या इथे! आणि त्या गुरुवारी ती हनुवटीची खूण—थांबा. राबिगाबाई मानाच्या जागी बसल्या होत्या, बरोबर. त्यांच्या डोक्यावर काय आहे? फळी. फळीवर आरसा, घड्याळ, आणि डबा. आहेरातला गुलाबाचा डबा, माझ्या पुड्या ओततात तो, कुर्ताचा. मला रोज वाटायचं, औषध इतक्या मानाच्या जागी का ठेवतात या?

ओयबाय, मकपाल. पाच वर्षं शिकलीस.

… नाही, बंद करतेय मी दुकान. हो, भर दुपारी. मालकांना मी सांगेन. मांजर आजारी आहे म्हणून सांगेन. द्या तो अभ्रा, तो सांडेल. नाही, दळत नाही. असेच नेते, बशीत ठेवते, सातच्या सात, त्यांच्या पुढ्यात. आज गुरुवार, राबिगाबाईही असतील, त्यांनाही एक द्यावा लागेल, नमस्कार घेतलाय त्यांनी—दात आहेत का त्यांना? चोखतील. … काय बोलू? काही नाही बोलणार. पहिल्यांदाच. नंतर ताई म्हणेन बहुतेक. बघू, आतून काय येतं ते.

तुमचं राहिलं ना. ऑगस्टच्या लग्नाला पांढरा रुमाल बांधा, गवयाला आधी घरी बोलवून जेवू घाला, सगळे चेहरे नीट दाखवा. आणि टोपी, कोपऱ्यावर. डबा नाही. मनोऱ्याकडे बघू नका, नाही म्हणजे नाही! इकडे आणा तुमचा वाडगा, थोडा उरलाय. … हो, दिसतंय मला, काठोकाठ भरलाय. मुद्दामच भरलाय, मावशी.